गड्डा जड, म्हणून उत्पादन जास्त!

लसणावरचे प्रबंध चाळायला बसलं की एक निष्कर्ष हमखास भेटतो: गड्ड्याचं वजन आणि उत्पादन यांचा सहसंबंध धन असून अत्यंत लक्षणीय आहे. वा! लसूण 15 बाय 10 सेंटिमीटरवर लावला की हेक्टरी साधारण 6 लाख 66 हजार रोपं बसतात. प्रत्येक गड्डा एका ग्रॅमनं वाढला, तर साडेसहा क्विंटलांवर माल वाढतो. त्यासाठी पाढे पाठ असलेलं पोरगं पुरतं. उत्पादन म्हणजे रोपं गुणिले गड्डा, आणि गुणाकारातल्या एका आकड्याचं उत्तराशी नातं सापडलं म्हणून आपण पदव्या वाटतो.

या प्रबंधांचं हत्यार वाईट नाही. अनुवंशशास्त्रज्ञ सेवॉल राइट यांनी 1921 मध्ये कार्यकारणाच्या वाटा वेगळ्या करण्याची रीत मांडली. 1959 मध्ये ड्यूई आणि लू यांनी ती एका गवताच्या बीज-उत्पादनाला लावली. तेव्हापासून आपल्याकडे पीक बदलतं, तक्ते तेच राहतात. झाडाची उंची, पानांची संख्या, गड्ड्याचा व्यास, पाकळ्यांची संख्या. ज्याची पानं जास्त त्याचा गड्डा मोठा, म्हणून पानं बघून निवड करा, अशी शिफारस शेवटी.

इथंच पाणी मुरतं. लसूण बियाण्यानं नाही, पाकळीनं लावतात. मध्य आशियातले मोजके वाण सोडले तर त्याला खरं बी धरतच नाही. म्हणजे एका वाणाची सगळी रोपं एकाच झाडाच्या प्रती. मोठी पाकळी लावली की रोप दांडगं, पात जास्त, गड्डा मोठा. बारकी लावली की सगळंच बारकं. उंची आणि गड्डा यांचं जे नातं तक्त्यात झळकतं, त्यातलं किती वाणाचं आणि किती बेण्याच्या पाकळीचं? वर विषाणू. माव्यानं आणलेला रोग एकदा पाकळीत शिरला की पिढ्यान्‌पिढ्या बेण्यासोबत चालत राहतो. रोगट बेणं खुजं राहतं आणि कमी पिकतं. असं बेणं निरोगी बेण्याशेजारी मोजा, सहसंबंध कसा फक्कड येतो बघा!

वसंतराव नाईक आमच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. ते मुख्यमंत्री असताना संकरित ज्वारीनं राज्याचं चित्र पालटलं, म्हणून संकराची जादू आम्हाला तोंडपाठ. पण ज्वारीला बी येतं. लसणात दोन वाणांचं लग्न लावायचं तर नवरा-नवरी दोघंही वांझ. उरते निवड, आणि निवड करणाऱ्याची नजर. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संचालनालयाचा 'भीमा पर्पल' असो की नाशिकच्या फलोत्पादन संशोधन प्रतिष्ठानचा 'अॅग्रीफाउंड व्हाइट', निवड हाच आधार. म्हणून ती आंधळी असून चालत नाही.

यवतमाळात लसूण मिरवण्याचं पीक नाही. इथं कापूस, सोयाबीन, तूर. लसूण विहिरीजवळच्या दोन-चार वाफ्यांत, घरापुरता. आमच्या भारी काळ्या जमिनीत तो ओढायला जा: माती चिकटून बसते, पात तुटून हातात येते, गड्डा खालीच राहतो. कुदळीनं काढावा तर अर्ध्या पाकळ्या चिरतात. प्रयोगशेतातल्या भुसभुशीत वाफ्यावर मोजलेला व्यास इथं काय कामाचा? पात किती घट्ट धरते, हा रकाना कुणी आखलाय?

आणि तोलकाट्याबाहेरचं जग. आठवडी बाजारात एक आजी गड्डा चाचपून दुकानदाराला म्हणाल्या, “भाऊ, या बारक्या पाकळ्या सोलाले कोन बसन दिवसभर?” आणि पुढच्या ढिगाकडं गेल्या. 20-25 पाकळ्यांचा जड गड्डा तक्त्यात पहिला येतो, आजींच्या पिशवीत येत नाही. टिकाऊपणाचंही तेच. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला लसूण दिवाळीला बेणं म्हणून लावायचा असतो. मधल्या सात-आठ महिन्यांत गड्डे पोकळ झाले, तर वाफ्यातल्या क्विंटलांचं लोणचं घालायचं का? हेक्टरी पाच क्विंटल बेणं लागतं. एवढा पैसा शेतकरी आधी मातीत घालतो. त्याला उंचीचा सहसंबंध नको, पावसाळाभर न सुकणारी पाकळी हवी.

मला उंची मोजण्याचा राग नाही. मोजा. पण आधी सगळ्या वाणांच्या सारख्याच वजनाच्या पाकळ्या लावा, बेण्याची विषाणू-चाचणी करा, काढणीनंतर पाच महिन्यांनी पुन्हा तोला. मार्गदर्शक म्हणतील, विद्यार्थ्याची दोनच वर्षं असतात, एवढा वेळ कुठून आणू? मग प्रबंधाच्या मुखपृष्ठावर 'उत्पादन' लिहू नका. 'काढणीच्या दिवशीचं वजन' लिहा. आणि लावलेली पाकळी किती ग्रॅमची होती, तो आकडा पहिल्याच तक्त्यात द्या.