दुसरी संधी आणि कराराचा कागद

पाश्चात्त्य पुस्तकबाजारात गेल्या दहा-बारा वर्षांत कादंबरीचा एक प्रकार चांगलाच स्थिरावला आहे. दोन तरुण पुरुष खेळाडू. कोवळ्या वयात त्यांचा जीव एकमेकांवर जडतो, भीतीपोटी ताटातूट होते, आणि काही वर्षांनी स्पर्धेच्या रणधुमाळीत ते पुन्हा समोरासमोर येतात. या खेपेस मात्र ते एकमेकांना सोडीत नाहीत. प्रकाशकांनी या साच्याला 'दुसऱ्या संधीची प्रेमकथा' असे नावही देऊन ठेवले आहे. सरीना बोवेन आणि एल केनेडी या लेखिकाद्वयाची २०१५ सालची 'हिम' ही कादंबरी (येथे हिम म्हणजे बर्फ नव्हे, इंग्रजी भाषेतील 'त्याला') हा त्याचा ठळक नमुना होय. आइस हॉकीच्या उन्हाळी शिबिरातील दोन मित्र, एका रात्रीनंतर तुटलेला संबंध, चार वर्षांचा अबोला आणि महाविद्यालयीन स्पर्धेत पुन्हा गाठ, असे तिचे कथानक आहे. याच कुळातील, रेचल रीड या कॅनेडियन लेखिकेच्या 'हीटेड रायव्हलरी' या २०१९ च्या कादंबरीवरील मालिका नोव्हेंबर २०२५ मध्ये कॅनडात प्रसारित झाली आणि पाहता पाहता तिचा बोलबाला देशोदेशी पोहोचला.

श्रमिकांच्या प्रश्नांना वाहिलेल्या या पानावर असल्या रंजनाची दखल कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ही कथा जितकी हृदयाची आहे तितकीच रोजगाराचीही आहे. कादंबरीकार दुसरी संधी उदार हाताने देऊन टाकतात. परंतु पहिली संधी कोणी हिरावून घेतली, हा प्रश्न पुरता विचारला जात नाही. नायकाच्या मनातील भीती हा त्याच्या स्वभावाचा दोष म्हणून रंगविला जातो. ही भीती स्वभावातून नव्हे, तर कराराच्या कागदातून येते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दोन सहकारी, एक अबोला

कादंबरी बाजूला ठेवून घडलेली हकीकत पाहू. १९६९ साली अमेरिकेच्या नॅशनल फुटबॉल लीगमधील वॉशिंग्टनच्या संघात डेव्हिड कोपे आणि जेरी स्मिथ हे दोघे सहकारी होते. दोघांत त्या काळात जवळीक निर्माण झाली, असे कोपेने पुढे सांगितले. त्या वर्षीचे प्रशिक्षक होते विख्यात व्हिन्स लोम्बार्डी. त्यांचा स्वतःचा एक भाऊ समलिंगी होता, आणि अशा खेळाडूची कोणी टवाळी केलेली त्यांना खपत नसे. परंतु सप्टेंबर १९७० मध्ये लोम्बार्डी कर्करोगाने निवर्तले. एका माणसाच्या सौजन्यावर उभे असलेले छत्र त्या माणसाबरोबरच गेले.

कोपे नऊ हंगामांत पाच संघांतून फिरला आणि १९७२ नंतर निवृत्त झाला. डिसेंबर १९७५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका दैनिकात समलिंगी खेळाडूंविषयी लेखमाला आली. तिच्यात एका फुटबॉलपटूची निनावी मुलाखत होती. शब्दांवरून कोपेने ओळखले की, हा स्मिथच. त्याने त्या दैनिकाशी संपर्क साधला आणि स्वतःच्या नावानिशी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. व्यावसायिक सांघिक खेळातील पुरुषाने असे उघडपणे सांगण्याची अमेरिकेतील ती पहिली वेळ होती. १९७७ साली त्याचे आत्मकथन प्रसिद्ध झाले. त्यात स्मिथचा उल्लेख टोपणनावाने होता, परंतु जाणत्यांना तो कळला. स्मिथने त्यानंतर कोपेशी बोलणे टाकले ते कायमचे.

स्मिथ तेरा हंगाम खेळला. त्याच्या जागेवर खेळणाऱ्यांत साठ टचडाउनचा त्याचा विक्रम २००३ पर्यंत अबाधित राहिला. ऑगस्ट १९८६ मध्ये आपल्याला एड्स झाल्याचे त्याने जाहीर केले. आपण समलिंगी आहोत, हे मात्र त्याने अखेरपर्यंत जाहीरपणे सांगितले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो वारला. कोपेला फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाची नोकरी हवी होती. ती त्याला मिळाली नाही, आणि तो आपल्या काकांच्या फरशीकामाच्या दुकानात कामाला लागला. एकाने बोलून नोकरी गमावली, दुसऱ्याने न बोलता विक्रम राखला, आणि दुसरी संधी दोघांनाही मिळाली नाही.

भीतीचे अर्थशास्त्र

या दोघांच्या स्वभावांची तुलना करून एकाला शूर व दुसऱ्याला भ्याड ठरविणे सोपे आहे. ते अन्यायाचेही आहे. कामगार म्हणून त्यांची स्थिती काय होती ते आधी पाहिले पाहिजे.

त्या काळी लीगमध्ये 'रोझेल नियम' म्हणून ओळखला जाणारा दंडक होता. करार संपलेला खेळाडू दुसऱ्या संघाने घेतला, तर त्या संघाला पहिल्या संघास भरपाई म्हणून आपले खेळाडू किंवा नव्या खेळाडूंच्या निवडीचे हक्क द्यावे लागत, आणि ही भरपाई किती ते ठरविण्याचा अधिकार लीगच्या आयुक्ताकडे असे. परिणामी मुदत संपलेल्या खेळाडूला दुसरा धनी सहसा मिळतच नसे. १९६३ पासून चालत आलेला हा नियम खेळाडूंनीच न्यायालयात जाऊन १९७६ साली मोडून काढला. कोपेची सारी कारकीर्द या नियमाखाली गेली. मालक त्याला हवा तेव्हा दुसरीकडे धाडू शकत होता, हवा तेव्हा काढून टाकू शकत होता. त्याला मात्र आपल्या इच्छेने मालक बदलता येत नव्हता. श्रमाच्या बाजारात एकच खरेदीदार असला की विक्रेत्याची जीभ आपोआप आवरते.

दुसरे कारण कारकिर्दीच्या अल्पायुष्याचे. गिरणीतला कामगार तीस वर्षे राबतो, पण फुटबॉलपटूच्या हाती बहुधा मोजके हंगाम असतात. त्यातला एक हंगाम वाया जाणे म्हणजे आयुष्यभराच्या मिळकतीचा मोठा वाटा बुडणे. तिसरे कारण असे की, या धंद्यात खेळाडूच्या कसबाबरोबर त्याच्या पुरुषीपणाची प्रतिमाही विकली जाते, आणि त्या प्रतिमेचा मालक तो स्वतः नसतो. तिकिटे विकणारा संघ आणि जाहिरात करणारी कंपनी यांचा तिच्यावर त्याच्याहून मोठा दावा असतो.

ही व्यवस्था माणसाच्या खाजगी दुःखापर्यंत कशी पोहोचते, याचे उदाहरण बेसबॉलपटू बिली बीन याचे आहे. १९९५ साली त्याचा जोडीदार एड्सशी निगडित आजाराने वारला. बीन अंत्यविधीला गेला नाही, आपल्या संघाबरोबरच राहिला. रजा मागायची, तर गेलेला माणूस आपला कोण होता हे सांगावे लागले असते. पत्नी वारली तर कोणताही मालक, मग तो कितीही कठोर असो, चार दिवसांची रजा देतो. येथे रजेचा अर्जच लिहिता येत नव्हता. त्याच वर्षी, एकतिसाव्या वर्षी, बीनने खेळ सोडला. १९९९ मध्ये तो उघडपणे बोलला, आणि २०१४ साली बेसबॉलच्या त्याच व्यवस्थेने समलिंगी खेळाडूंना सामावून घेण्याच्या कामासाठी त्याला सन्मानाने परत बोलाविले. २०२४ साली मृत्यू येईपर्यंत तो ते काम करीत होता. व्यवस्थेने त्याला दुसरी संधी दिली खरी, परंतु ज्याच्यासोबत ती भोगावयाची तो माणूस नव्हता.

कोणाला बोलता येते?

आता काळ बदलला आहे, असे सांगितले जाते. तो बदलला आहे, परंतु कोणासाठी, हे नीट पाहिले पाहिजे. २०१४ साली मायकेल सॅम या महाविद्यालयीन फुटबॉलपटूने व्यावसायिक निवडीपूर्वीच आपण समलिंगी असल्याचे सांगितले. आपल्या विभागातील सर्वोत्तम बचावपटूचा मान त्याला विभागून मिळालेला होता. तरीही २५६ जणांच्या निवडीत त्याचा क्रमांक २४९ वा लागला, आणि नॅशनल फुटबॉल लीगच्या नियमित हंगामातील एकही सामना त्याला खेळावयास मिळाला नाही. याउलट २०२१ साली कार्ल नॅसिब बोलला आणि संघात टिकला, तेव्हा अडीच कोटी डॉलरपर्यंतचा तीन वर्षांचा करार त्याच्या खिशात होता. केवळ दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. तथापि, दिशा स्पष्ट आहे. ज्याची सौदाशक्ती मोठी, त्याला खरे बोलणे परवडते.

गंमत अशी की, कादंबऱ्यांनाही हे आतून ठाऊक आहे. 'हिम'मधील एक नायक व्यावसायिक संघाशी करारबद्ध झाल्यावर ठरवितो की, पहिला हंगाम पार पडेपर्यंत गप्प राहायचे. रीड यांच्या २०१८ सालच्या 'गेम चेंजर' या कादंबरीत संघनायक आपल्या प्रियकराला साऱ्या जगासमक्ष मिठीत घेतो, पण केव्हा? अजिंक्यपदाचा चषक जिंकल्यावर. ज्या क्षणी त्याच्या श्रमाचे मोल सर्वोच्च असते, त्याच क्षणी त्याला प्रेम करण्याचे धैर्य होते. वाचकाचे डोळे पाणावतात, ते योग्यच आहे. परंतु जो संघ चषक हरतो, त्यातील खेळाडूने काय करावे?

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, शयनगृहातील गोष्टी चव्हाट्यावर आणाव्यातच कशाला? परंतु विवाहित खेळाडूची पत्नी प्रेक्षागारात बसते, कॅमेरा तिच्यावर रोखला जातो, समालोचक तिचे नाव घेतात. ते कोणालाही चव्हाट्यावर आणणे वाटत नाही. खाजगीपणाचा नियम एकासाठी सवलत आणि दुसऱ्यासाठी शिक्षा होत असेल, तर तो नियम नव्हे, पक्षपात होय. दुसरा आक्षेप डाव्या विचाराच्या मित्रांकडून येईल. या लक्षाधीश खेळाडूंच्या प्रेमभंगाचे दुःख आपण का वाहावे? ते वाहण्याची गरज नाही. परंतु कोट्यवधींचा करार असलेला माणूसही ज्या प्रश्नावर इतकी वर्षे मौन पाळतो, त्या प्रश्नावर महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाची काय अवस्था असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

सौजन्य नको, कलम हवे

खरा बदल घडला तो दोन ठिकाणी, न्यायालयात आणि सामुदायिक करारात. २०११ साली अमेरिकन फुटबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत, खेळाडूंच्या संघटनांनी केलेल्या करारांत लैंगिक कलावरून भेदभाव न करण्याचे कलम आले. लोम्बार्डींचे सौजन्य त्यांच्याबरोबर संपले. कलम प्रशिक्षक बदलला तरी राहते. नुसत्या कलमाने प्रश्न सुटला नाही, हे सॅमच्या उदाहरणावरून दिसतेच. परंतु तक्रार करावयास पायाखाली जमीन लागते, आणि ती जमीन कलमाने मिळते. उलट नुसत्या सदिच्छेवर चालणारे काय होते, ते आइस हॉकीत दिसले. नॅशनल हॉकी लीगने ऑक्टोबर २०२३ मध्ये खेळाडूंना आपल्या काठीवर इंद्रधनुषी पट्टी गुंडाळण्यास बंदी केली. ट्रॅव्हिस डर्मट या एका खेळाडूने ती बंदी मोडून पट्टी लावली, तेव्हा काही दिवसांतच लीगला हुकूम मागे घ्यावा लागला. १९१७ साली स्थापन झालेल्या या लीगमध्ये २०२५ अखेरपर्यंत एकाही खेळाडूने खेळत असताना आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले नव्हते. ज्या खेळावर सर्वांत लोकप्रिय प्रेमकथा लिहिल्या जातात, त्याच खेळात सर्वांत दाट शांतता आहे.

आपल्याकडील स्थिती काय? क्रिकेटमध्ये इंग्लंडकडून खेळलेला यष्टिरक्षक स्टीव्हन डेव्हिस २०११ साली बोलला. न्यूझीलंडचा माजी वेगवान गोलंदाज हीथ डेव्हिस बोलला तो २०२२ साली, कारकीर्द संपून कितीतरी वर्षे लोटल्यावर. महिला क्रिकेटमध्ये मात्र न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड या तिन्ही राष्ट्रीय संघांतील सहकारी खेळाडूंनी एकमेकींशी विवाह केले, आणि क्रिकेटचे जग काही बुडाले नाही. जेथे पैसा थोडा तेथे मोकळीक अधिक, हा योगायोग खासच नव्हे.

भारतात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांतील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने विवाहाचा हक्क मात्र मान्य केला नाही, तो विषय विधिमंडळावर सोपविला. खाजगी नोकरीत समलिंगी माणसाला भेदभावापासून स्पष्ट संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे नाही. रेल्वेत किंवा पोलिसांत खेळाडू म्हणून लागलेल्या तरुणाला निदान राज्यघटनेचा आधार शोधता येतो. पण २००८ पासून क्रिकेटमध्ये आणि २०१४ पासून कबड्डीत ज्यांच्यावर बोली लागते, त्यांनी कोणाकडे पाहावे? लिलाव हा शब्द आपण किती सहजपणे उच्चारतो! २०१९ साली स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना निवृत्तांची आहे. खेळणाऱ्यांची मान्यताप्राप्त संघटनाच नाही, तर कराराच्या कलमाचा आग्रह धरणार कोण? कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या गावातून निघून व्यावसायिक कबड्डीच्या शिबिरात पोहोचलेल्या मुलाच्या मनात काही असेल, तर तो ते मनातच ठेवील. घरच्यांनी ठरविलेल्या मुलीशी लग्न करील, आणि मग एकाऐवजी तीन आयुष्ये कोंडली जातील.

म्हणून मागणी साधी आहे. खेळणाऱ्या खेळाडूंची संघटना मान्य करावी. खेळाडूच्या करारात भेदभावविरोधी कलम असावे. जोडीदाराच्या आजारपणासाठी व मृत्यूसाठी मिळणारी रजा जोडीदार कोण हे न विचारता मिळावी. लिलावाच्या जागी वाटाघाट यावी. या मागण्या प्रेमाच्या वाटत नाहीत, हे मान्य. परंतु कोपे आणि स्मिथ यांच्यात जे तुटले ते शब्दांच्या अभावी तुटले नाही. ते शब्द उच्चारल्यावर पोट भरेल याची हमी नव्हती, म्हणून तुटले. कादंबरीकाराने दुसरी संधी खुशाल द्यावी. पहिली संधी देणे हे मात्र समाजाचे आणि कायद्याचे काम आहे, आणि ते कोणाच्या औदार्यावर सोडता येणार नाही.