परदेशी नोकरी : तिकीट कोणाला, फसवणूक कोणाची?

सोलापूरच्या नवी पेठेत एखाद्या संध्याकाळी चक्कर मारा. खाली कापडाची, चपलांची, मोबाइलची दुकाने आणि वर पाहिले तर पाट्याच पाट्या. ‘जर्मन भाषा शिका, जर्मनीत नोकरी मिळवा’, ‘आखाती देशांसाठी इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वेल्डर पाहिजेत’, ‘पासपोर्ट घेऊन भेटा’. एके काळी या शहरात कामासाठी बाहेरून माणसे येत. तेलंगणातून विणकर आले, कर्नाटकच्या खेड्यांतून मजूर आले, गावकुसाबाहेरचा आपला माणूस आला आणि गिरणीच्या भोंग्यावर उठू लागला. पुढे एकापाठोपाठ एक गिरण्या बंद पडल्या. बाया विड्या वळत राहिल्या, पोरे पुण्याला गेली. आता पुणेही पुरेनासे झाले आहे. नवी पेठेतला पोरगा आता दोहा, कुवेत, स्टुटगार्टची नावे घेतो.

पोराने परदेशी जाऊ नये, असे आम्ही म्हणणार नाही. ‘खेडी सोडा, शहरांकडे चला’ हा बाबासाहेबांचा विचार मानणाऱ्या समाजाने स्थलांतराला नाके मुरडण्याचे कारणच नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. परदेशातल्या नोकरीचे सरळ, कायदेशीर, सन्मानाचे तिकीट कोणाच्या हाती पडते? आणि एजंटाच्या जिन्यावरून घसरून कोण पडतो?

नवी पेठेतल्याच एका दुकानात काम करणारा एक तरुण आम्हाला भेटला. दहावीनंतर आयटीआय केलेला, वायरमन. वडील सफाई कामगार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या फंडाच्या पैशांतून एक लाख चाळीस हजार रुपये एजंटाच्या हातावर ठेवले. पोरगा आखातात उतरला तो कामाच्या नव्हे, पर्यटनाच्या व्हिसावर. पासपोर्ट मालकाने काढून घेतला. सांगितलेला पगार वेगळा, मिळालेला वेगळा. पाच महिन्यांनी कसाबसा परतला. आम्ही विचारले, “पावती आहे का?” तो म्हणाला, “पावती दिली तर टॅक्स लागतो, असं एजंट म्हणाला.” वडील बाजूलाच बसले होते. म्हणाले, “साहेब, पोरगं दहावी पास आहे. अडाण्याला फसवतात, त्याला कोण फसवणार, असं वाटलं होतं.”

या बापाचे काय चुकले, ते नीट समजून घेऊ. परदेशी कामगार पाठवण्याचा कायदा देशात आहे. उत्प्रवासन अधिनियम, 1983 असे त्याचे नाव. या कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी केल्याशिवाय कोणालाही परदेशी नोकरीसाठी भरती करता येत नाही. नोंदणी झालेल्या एजंटालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. म्हणजे एक लाख चाळीस हजार मागणाऱ्याने पहिल्याच वाक्यात कायदा मोडला होता. एवढी एकच ओळ त्या बापाला माहीत असती, तर फंड वाचला असता.

पुढची गोष्ट आणखी डोळे उघडणारी आहे. जो दहावी पास नाही, त्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, संयुक्त अरब अमिरात, ओमान, मलेशिया अशा 18 देशांत कामाला जाण्यापूर्वी त्याला उत्प्रवासी संर्‌क्षकाची मंजुरी घ्यावी लागते. हे कार्यालय मुंबईत आहे. तिथे करार तपासला जातो, ‘प्रवासी भारतीय बीमा योजने’चा दहा लाखांचा विमा काढावा लागतो. दहावी पास झाला की ही मंजुरी लागत नाही. म्हणजे आमचा पोरगा शिकला आणि तेवढ्याने तपासणीच्या बाहेर गेला! दहावीचे गुणपत्रक ही संरक्षणाची ढाल आहे, असे बापाला वाटले. प्रत्यक्षात त्याच गुणपत्रकामुळे त्याचा करार कोणी पाहिलाच नाही. दहावी-आयटीआय झालेला, इंग्रजी करारनामा पुरता न समजणारा आणि साक्षर म्हणून सरकारने वाऱ्यावर सोडलेला, असा हा मधला थर आहे. आपल्या वस्त्यांतली बहुसंख्य तरुण पोरे याच थरात आहेत, हे कार्यकर्त्यांना वेगळे सांगायला नको.

मालकाने पासपोर्ट काढून घेणे म्हणजे काय, हे सोलापूरला नव्याने शिकवावे लागत नाही. याच शहरात इंग्रजांनी गुन्हेगार जमातींची सेटलमेंट वसवली होती. तारेच्या कुंपणाआड माणसे ठेवली, हजेरी घेतली, बाहेर पडायला पास लावला आणि त्यांच्याच श्रमावर गिरण्या चालवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. आखातातली ‘कफाला’ पद्धत त्याच जातकुळीची. कामगाराचे राहणे, जाणे, नोकरी बदलणे सारे मालकाच्या मर्जीवर. कतारने 2020 मध्ये आणि सौदी अरेबियाने 2021 मध्ये हे नियम सैल केले. पण कायद्याने मिळालेला हक्क कामगाराला माहीतच नसेल आणि त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. 12 जून 2024 रोजी कुवेतच्या मंगाफ भागात कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि चाळीसहून अधिक भारतीय कामगार गुदमरून, होरपळून मेले. दाटीवाटीने कोंबलेली माणसे होती ती. मेल्यावर विमानाने आले, तेव्हा देशाला त्यांचे पत्ते कळले.

आता दुसरे दार पाहू. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. परिचारिका, वायरमन, प्लंबर, चालक, स्वयंपाकी असे सुमारे दहा हजार कुशल लोक पाठवायचे ठरले. जुलै 2024 मध्ये शासन निर्णय निघाला, भाषेच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकार करील असे जाहीर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची संख्या वर्षाला 20 हजारांवरून 90 हजारांपर्यंत नेण्याचे सांगितले. तिथे म्हाताऱ्यांची संख्या वाढली, तरुण हात कमी पडले, म्हणून ही दारे उघडली. यात उपकार नाही, गरज आहे. आणि ज्याला आपली गरज आहे, त्याच्याकडे ताठ मानेने जाता येते, हे आपल्या पोरांनी लक्षात ठेवावे.

पण दार उघडले म्हणजे सगळ्यांना आत जाता येते, असे नाही. देवळाची दारे कागदावर उघडल्यानंतर काय झाले, ते आपल्याला ठाऊक आहे. जून 2024 पासून जर्मनीने ‘संधी पत्र’ सुरू केले. आधी नोकरी नसली तरी वर्षभर तिथे राहून काम शोधता येते, आठवड्याला 20 तास अर्धवेळ काम करता येते. पदवी किंवा किमान दोन वर्षांचे व्यवसाय प्रशिक्षण हवे, जर्मन भाषेची पहिली पायरी किंवा चांगले इंग्रजी हवे, आणि वय, अनुभव, भाषा मिळून किमान सहा गुण भरायला हवेत. इथपर्यंत आपला पोरगा पोहोचतो. पुढची अट वाचा. वर्षभराच्या खर्चाची सोय दाखवायची. 2025 च्या हिशेबाने खात्यात सुमारे तेरा हजार युरो, म्हणजे तेरा लाखांच्या घरातली रक्कम. ज्याचा बाप फंडातून दीड लाख काढताना घामाघूम झाला, त्याने तेरा लाख कुठून दाखवायचे? गुणवत्तेची यादी लावली, पण यादीच्या खाली बँकेचे पासबुक ठेवले आहे!

भाषेचेही तेच. परिचारिकेला तिथे परवाना मिळवायचा तर बहुधा ‘बी-टू’ म्हणजे चौथ्या पायरीपर्यंत जर्मन यावी लागते. हे चार-सहा आठवड्यांचे काम नाही, मन लावून शिकले तरी वर्ष जाते. त्या वर्षात घर कोणी चालवायचे? मान्यताप्राप्त परीक्षेसाठी पुण्यापर्यंत अडीचशे किलोमीटर जायचे, परीक्षेची फी वेगळी. ज्याच्या घरात आधीच कोणी परदेशी आहे, त्याला चुलतभाऊ फोनवर सांगतो की कोणती परीक्षा द्यायची आणि कोणता कागद जोडायचा. आपल्या पोराला ते नवी पेठेतली पाटी सांगते. माहिती हीसुद्धा वडिलोपार्जित इस्टेट असते आणि तिची वाटणी जातीजातीत सारखी झालेली नाही.

परदेशी मालकाच्या दारात आरक्षण नाही. त्यामुळे तिथे जात नाही, असे आमचे काही शिकलेले बांधव मोठ्या आनंदाने सांगतात. त्यांनी बाबासाहेबांचे आयुष्य आठवावे. 1913 मध्ये सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले. कोलंबियात माणसासारखे वागवले गेले. 1917 मध्ये करारानुसार बडोद्यात नोकरीला रुजू झाले, तर शिपाई लांबून फायली फेकत, राहायला घर मिळेना. पारशी वसतिगृहातून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. मुंबईत शेअरच्या व्यापाराबाबत सल्ला देण्याचे काम काढले, तर जात कळताच गिऱ्हाईक तुटले. परदेशाने दिलेली पदवी स्वदेशात जातीपुढे हरली. आणि जात परदेशी जाणारच नाही, असे समजण्याचेही कारण नाही. हिंदू बाहेर गेले तर त्यांच्याबरोबर जातीचा प्रश्नही जगाचा होईल, हा इशारा बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबियातल्या आपल्या निबंधातच नोंदवला होता. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहराला जातीय भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या दोन्ही सभागृहांनी तसे विधेयक मंजूर केले, पण गव्हर्नरांनी ऑक्टोबरात ते फेटाळले. भारतीय सहकारी आडनाव विचारतो तेव्हा त्याला काय विचारायचे असते, हे तिथल्या आपल्या माणसांना कळते. म्हणून परदेशी जाणाऱ्याने एकटे जाऊ नये. तिथल्या आंबेडकरी संघटनांचा, बुद्धविहाराचा पत्ता निघण्यापूर्वीच खिशात ठेवावा.

सरकारची जबाबदारी इथे संपत नाही, इथून सुरू होते. केरळने 1977 मध्येच परदेशी रोजगारासाठी सरकारी कंपनी काढली आणि 1996 मध्ये परदेशस्थ केरळींसाठी स्वतंत्र खाते उभे केले. परदेशी गेलेला कामगार हा मतदार आहे, नागरिक आहे, हे त्या राज्याने ओळखले. महाराष्ट्र शासनाकडे आमची सरळ मागणी आहे. जर्मनीच्या करारातून किती जण प्रशिक्षित झाले, किती जण प्रत्यक्ष विमानात बसले, ते कोणत्या जिल्ह्यांतले आणि कोणत्या समाजघटकांतले, याचा हिशेब जाहीर करा. समाजकल्याणच्या वसतिगृहांत भाषेचे वर्ग सुरू करा. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून आहे. परदेशी नोकरीसाठी भाषा, परीक्षा, कागदपत्रे आणि खात्यात दाखवायची रक्कम यासाठी त्याच्यामार्फत कर्ज आणि हमी द्या. गाय-म्हशीला कर्ज मिळते, मग व्हिसाला का मिळू नये?

परंतु सगळे सरकारवर टाकून हात झटकणे चळवळीला शोभत नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने 4 जानेवारी 1925 रोजी याच सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. सभेला तेव्हा सहा महिनेही झाले नव्हते. पैसा नव्हता, सत्ता नव्हती, तरी बाबासाहेबांनी पहिल्यांदा पोरांच्या राहण्या-शिकण्याची सोय पाहिली. शंभर वर्षांनंतर आपल्याकडे विहारे आहेत, ग्रंथालये आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, जयंतीच्या मिरवणुका आहेत. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एका पोरीची भाषेची परीक्षा निघते, हा हिशेब कोणी मांडायचा?

दर रविवारी विहारात एक टेबल मांडा. तिथे इंग्रजी वाचता येणारा एक कार्यकर्ता आणि इंटरनेट असलेला एक मोबाइल पुरे. परदेशी जाणाऱ्या प्रत्येक पोराचा करार तिथे मोठ्याने वाचला जावा. एजंटाचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर तपासला जावा. व्हिसा कामाचा आहे की पर्यटनाचा, ते पाहिले जावे. पैसे दिले तर पावती घेतली जावी. पासपोर्ट, करार आणि व्हिसा यांच्या प्रती घरी एक आणि विहारात एक राहाव्यात. थायलंड-म्यानमारमध्ये ‘कॉम्प्युटरची नोकरी’ म्हणून नेलेल्या शेकडो भारतीय तरुणांना सायबर फसवणुकीच्या कोठारांत डांबले गेले आणि 2025 मध्ये सोडवून आणावे लागले. त्यांच्यापैकी अनेकांचे कागद निघण्यापूर्वी एका जाणत्या माणसाने पाहिले असते, तर ते गेलेच नसते.

त्या वायरमन पोराने आम्हाला निघताना विचारले, “साहेब, जर्मनीचा क्लास लावू का?” आम्ही म्हणालो, लाव. पण आधी फीची पावती माग, शिकवणाऱ्याने स्वतः कोणती परीक्षा दिली आहे ते विचार, आणि रविवारी कागद घेऊन विहारात ये. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ यातले पहिले त्याने केले होते. तो फसला, कारण दुसरे आपण केले नव्हते.