व्यंगचित्रकाराला शिक्षा करण्याचा अधिकार

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम मार्गावरील संगणक कंपन्यांत काम करणाऱ्या पिढीला ‘डिलबर्ट’ची ओळख करून द्यावी लागत नाही. निरर्थक बैठका आणि काही न कळणारा वरिष्ठ यांवर बेतलेली ही चित्रमालिका स्कॉट अ‍ॅडम्स यांनी १९८९ मध्ये, दूरध्वनी कंपनीत नोकरी करतानाच सुरू केली. सरकारी सेवेत असताना मलाही तिच्यात आमचीच परिपत्रके दिसत. तिच्यात अशोक नावाचा, आयआयटीत शिकलेला भाबडा उमेदवार होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये कलम ३७७ कायम ठेवले, तेव्हा निषेध म्हणून अ‍ॅडम्सनी अशोकला समलिंगी जाहीर केले.

याच अ‍ॅडम्सनी फेब्रुवारी २०२३ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकनांना ‘द्वेष करणारा गट’ म्हटले आणि गोऱ्यांनी त्यांच्यापासून दूर राहावे, असा सल्ला दिला. काही दिवसांतच शेकडो वृत्तपत्रांनी मालिका थांबवली, वितरकानेही संबंध तोडले. मला हा निर्णय योग्य वाटतो. मालिकेतील चित्रांत काही गैर नव्हते, ही रुखरुख उरते खरी. पण आपल्या पानावर कोणाला स्थान द्यायचे, हे संपादकच ठरवणार. अ‍ॅडम्स तुरुंगात गेले नाहीत; वर्गणीदारांसाठी ते चित्रे काढतच राहिले.

चेन्नईत मात्र व्यंगचित्राला शिक्षा करणारा हात बहुधा राज्यसत्तेचा राहिला आहे. मार्च १९८७ मध्ये ‘आनंद विकटन’ या तमिळ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आमदाराला खिसेकापूच्या आणि मंत्र्याला बुरखाधारी दरोडेखोराच्या रूपात दाखवणारा विनोद छापला गेला. संपादक एस. बालसुब्रमण्यन यांनी माफी मागण्यास नकार दिला आणि विधानसभेने त्यांना तीन महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा ठोठावली. तक्रारदार सभागृह, न्यायाधीशही सभागृहच! देशभर गदारोळ झाल्यावर काही दिवसांत त्यांची सुटका झाली. १९९४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अटक बेकायदा ठरवून एक हजार रुपयांची नाममात्र भरपाई दिली. बालसुब्रमण्यन यांनी ती चौकटीत बसवून जपली.

ज्या विशेषाधिकारांच्या जोरावर हे घडले, ते राज्यघटनेच्या अनुच्छेद १९४ मधील आहेत. विधिमंडळाने कायदा करून त्यांची व्याख्या करावी, अशी तेथे अपेक्षा आहे. ती आजही अपुरीच आहे. मोघम अधिकार वापरणाऱ्याला किती सोयीचे असतात, हे खुर्चीत बसलेल्या कोणालाही ठाऊक असते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच विकटन समूहावर पुन्हा प्रसंग ओढवला. अमेरिकेने भारतीयांना बेड्या घालून परत पाठवले, त्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांना ट्रम्प यांच्याशेजारी बेड्यांत दाखवणारे चित्र प्रसिद्ध झाले. तमिळनाडू भाजपने तक्रार केली आणि समूहाचे संपूर्ण संकेतस्थळ उघडेनासे झाले. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खालील नियमांत आधी रोखा, मग विचारा, अशी तातडीची वाट आहे. मार्चमध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ते चित्र तूर्त काढण्यास आणि त्यानंतर संकेतस्थळ खुले करण्यास सांगितले. आक्षेप एका चित्राला असताना वाचकांना तोवर बाकीचा मजकूरही मिळत नव्हता. बंदीची व्याप्ती आक्षेपार्ह पानापुरतीच राहील आणि प्रकाशकाला कारणांसह आदेशाची प्रत त्याच दिवशी मिळेल, एवढी दुरुस्ती नियमांत करायला संसदेचीही गरज नाही. केंद्र सरकारची अधिसूचना पुरते.