उपवासाचा खरा हिशेब

'उपवास' या शब्दाचा मूळ अर्थ जवळ राहणें असा आहे. अन्न वर्ज्य करणें हें त्याचें बाह्य लक्षण; कोणाच्या तरी समीप जाऊन राहणें हा त्याचा हेतु. आपल्या देशांत हा शब्द बाळपणापासून सर्वांच्या कानांवर पडतो. कोणाच्या घरीं एकादशी असते, कोणाच्या घरीं रमजानचे रोजे असतात, तर कोणाच्या घरीं ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ पाळला जातो. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनीं केली, आणि ती एकाच समाजास लागू आहे असें समजण्याचें कारण नाहीं. दिवसभर उपाशी राहून सायंकाळीं मिष्टान्नावर तुटून पडणारा ख्रिस्ती मनुष्यही त्याच म्हणीचा धनी होय. म्हणून उपवास करावा कीं न करावा, यापेक्षां तो आपणांस कोणाच्या जवळ नेतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

मोशेच्या नियमशास्त्रांत संबंध राष्ट्रानें आपल्या जिवास दंडन करावें म्हणून वर्षांतून एकच दिवस नेमिला होता; तो प्रायश्चित्ताचा दिवस. पुढें संकटकाळीं व शोकप्रसंगीं उपवास करण्याची चाल वाढली, आणि तिच्याबरोबर दंभही वाढला. यशयाच्या ग्रंथाच्या ५८ व्या अध्यायांत लोक देवाकडे गाऱ्हाणें नेतात कीं, आम्ही उपवास करितों, तरी तो तुझ्या लक्षांत येत नाहीं. त्यावर मिळालेलें उत्तर कठोर आहे. उपवासाच्या दिवशींच जे मजुरांस राबवितात आणि आपसांत भांडतात, त्यांचा उपवास देवास मान्य नाहीं. जुलमाचीं बंधनें सोडणें, भुकेल्यास आपल्या भाकरीचा वांटा देणें व उघड्यास वस्त्र देणें, हाच त्यास आवडणारा उपवास, असा त्या उत्तराचा आशय आहे.

योनाच्या पुस्तकांतील निनवे शहराची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. तेथें राजापासून पशूंपर्यंत सर्वांनीं अन्नपाणी वर्ज्य केलें आणि गोणपाट पांघरलें. परंतु देवानें काय पाहिलें, हें जेथें सांगितलें आहे, तेथें गोणपाटाचा उल्लेख नाहीं. लोक आपल्या दुष्ट मार्गापासून फिरले, ही त्यांची कृति त्यानें पाहिली. मिश्ना या प्राचीन यहूदी ग्रंथावरून असें दिसतें कीं, अवर्षणामुळें सार्वजनिक उपवास होत, त्या वेळीं एक वडील मनुष्य उभा राहून लोकांस नेमकी हीच गोष्ट स्मरण करून देत असे.

प्रभु येशूनें स्वतः अरण्यांत चाळीस दिवस उपवास केला. डोंगरावरील प्रवचनांत त्यानें उपवासास मनाई केली नाहीं. तो लोकांस दिसूं नये, म्हणून तोंड धुवून व डोक्यास तेल लावून करावा, एवढेंच सांगितलें. लूकच्या शुभवर्तमानाच्या १८ व्या अध्यायांत आठवड्यांतून दोन वेळां उपवास करणारा परूशी मंदिरांतून निर्दोष न ठरतां घरीं जातो. लगेच १९ व्या अध्यायांत जक्कय भेटतो. त्यानें उपवास केल्याचें कोठेंही लिहिलेलें नाहीं. परंतु अर्धी मालमत्ता गरिबांस देण्याचें आणि ज्यांस लुबाडलें त्यांस चौपट परत करण्याचें वचन तो देतो, आणि त्याच्या घरास तारण प्राप्त होतें. अनुतापाची खूण कोणती, हें या दोन चित्रांवरून सहज कळतें.

आरंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं ही शिकवण व्यवहारांत कशी आणिली, तें पाहण्यासारखें आहे. दुसऱ्या शतकांत रोम शहरीं लिहिलेल्या हर्मासच्या 'मेंढपाळ' या ग्रंथांत उपवासाची स्पष्ट रीति दिली आहे: त्या दिवशीं केवळ भाकरी व पाणी घ्यावें, एरव्हीं जें खाल्लें असतें त्याची किंमत मोजावी, आणि ती रक्कम विधवेस, अनाथास किंवा गरजवंतास द्यावी. अथेन्स येथील तत्त्ववेत्ता अरिस्तीदीज यानें त्याच शतकाच्या पूर्वार्धांत रोमी बादशहास उद्देशून ख्रिस्ती लोकांचें समर्थन लिहिलें. त्याचें सिरियाक भाषांतर १८८९ मध्यें सीनाय पर्वताच्या मठांत रेंडेल हॅरिस यांस सांपडलें. त्यांत म्हटलें आहे कीं, कोणी गरीब उपाशी असून आपल्याजवळ शिल्लक अन्न नसेल, तर हे लोक दोनतीन दिवस उपाशी राहतात व तें अन्न त्यास पुरवितात. येथें उपवास आणि परोपकार या दोन निराळ्या गोष्टी राहिल्याच नाहींत.

यावर कोणी म्हणेल, उपवास हें जुन्या रूढीचें जोखड आहे. हा आक्षेप अगदीं पोकळ नाहीं. १५२२ च्या उपवासकाळांत झुरिक शहरीं फ्रोशौअर नांवाच्या मुद्रकाच्या घरीं कांहीं लोकांनीं मांस खाल्लें, म्हणून मोठा गहजब झाला. झ्विंग्ली यानें तें मांस खाल्लें नव्हतें. तरीही अन्नाच्या बाबतींत ख्रिस्ती मनुष्यावर बळजबरी नसावी, असें त्यानें उपदेशांत प्रतिपादन केलें. तें योग्यच होय. रोमन कॅथलिक मंडळीच्या आजच्या नियमांतही उपवासाचें बंधन वयाच्या १८ व्या वर्षापासून साठावें वर्ष लागेपर्यंतच आहे. वाढत्या वयाच्या मुलांस किंवा आजाऱ्यांस उपाशी ठेवणें हें धर्मकृत्य नव्हे. परंतु बळजबरी गेली म्हणून स्वेच्छेचा त्यागही जावा, असें मात्र नाहीं. ज्यास स्वतःच्या जिभेस एक दिवस 'नको' म्हणतां येत नाहीं, त्यास मोहाच्या प्रसंगीं 'नको' म्हणणें कठीण जाणार.

विद्यार्थिमित्रहो, तुमचा उपवास भरल्या ताटावरून उठण्याचा नसावा. आठवड्यांतून एक दिवस खाऊचे पैसे बाजूला काढा आणि ज्या सोबत्याजवळ वही नाहीं, त्यास गाजावाजा न करितां ती मिळेल असें करा. मिझोराममधील ख्रिस्ती स्त्रिया १९१० पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळीं मूठभर तांदूळ मंडळीच्या कार्यासाठीं काढून ठेवीत आल्या आहेत. मूठ लहान असली तरी नेम मोठा आहे. ज्याची वस्तु घेतली, त्यास ती परत करा. ज्यास जातीवरून किंवा गरिबीवरून हिणविलें, त्याची क्षमा मागा. हें उपाशी राहण्याहून कठीण आहे, आणि म्हणूनच तें आधीं करावयाचें.

पालकांसही एक विनंती आहे. आपल्या उपवासाच्या दिवशीं घरांतील मोलकरीण जेवली कीं नाहीं, तिचा पगार थकला आहे काय, हें अवश्य पाहावें. मुलें उपदेश ऐकतात थोडा आणि घरांतील वर्तन पाहतात फार. वडिलांनीं थकलेली मजुरी उपवासाच्या दिवशीं चुकती केली, तर उपवास म्हणजे काय हें मुलांस वेगळें शिकवावें लागणार नाहीं.

देवाच्या जवळ राहण्याचा मार्ग भुकेल्याच्या दारावरून जातो. तें दार टाळून केलेला उपवास म्हणजे केवळ एका जेवणाची बचत होय.