माळ्यावरील यंत्रे आणि त्यांतील अक्षरे

संगणक जुना झाला की तो निकामी होतो, असा सर्वसाधारण समज आहे. पस्तीस-छत्तीस वर्षे या यंत्रांच्या सहवासात घालविल्यानंतर माझे मत निराळे झाले आहे. यंत्र सहसा पुन्हा उभे करता येते. त्याच्या पोटात आपण जे लिहून ठेवले, ते परत हाती लागणे अधिक कठीण.

आमच्या घरी प्रथम आला तो स्पेक्ट्रम. इंग्लंडमधील सिंक्लेअर कंपनीने १९८२ साली तो बाजारात आणला. पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन त्याची सुधारित आवृत्ती आपल्याकडे तयार केली. स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही याच्या कित्येक पट जागा लागते. त्याला स्वतःचा पडदा नव्हता. घरातील टीव्ही हाच पडदा आणि गाणी ऐकण्याचा टेपरेकॉर्डर हेच कोठार. एखादा मोठा खेळ कॅसेटवरून आत घ्यायला पाच-सहा मिनिटे लागत आणि तेवढा वेळ घरभर कर्कश किंकाळी घुमे. आवाज किंचित कमी-अधिक झाला की सारे पुन्हा पहिल्यापासून! घरातील वडीलधाऱ्यांनी हे कसे सोसले, याचे आता नवल वाटते. पण या यंत्राची एक थोरवी आहे. बेसिक ही भाषा त्याच्या चिपमध्येच कायमची कोरलेली असल्यामुळे बटण दाबताच ते आज्ञेची वाट पाहू लागते. आजही माझा स्पेक्ट्रम दोन-तीन सेकंदांत जागा होतो.

दुसरा बीबीसी मायक्रो. १९८४ च्या सुमारास केंद्र शासनाच्या ‘क्लास’ योजनेतून निवडक शाळांना हे संगणक मिळाले होते. माझा एका शाळेच्या भंगारातून आला. बांधणीत याच्या तोडीचे यंत्र मी पाहिले नाही. तापमापकासारखी उपकरणे थेट जोडता यावीत अशी सोय त्यात मुळापासून होती. शिकविण्यासाठीच ते घडले होते. चालू करताच एकदा मागून पांढरा धूर निघाला, पण दोष वीजपुरवठ्यातील एका जुन्या कपॅसिटरचा. तो बदलला आणि यंत्र पूर्ववत झाले. कमोडोर ६४ विषयी फार लिहीत नाही. त्याचे संगीत अप्रतिम, बेसिक मात्र दरिद्री.

खरी कसोटी लागली ती पुढच्या पिढीच्या, म्हणजे ४८६ जातीच्या पीसीवर. घड्याळ चालू ठेवणारी त्यातील लहान बॅटरी पाझरली आणि तिच्या क्षाराने तांब्याच्या रेषा खाल्ल्या. बारीक तारा जोडून ते कामही निभावले. पण याच संगणकावर १९९४-९५ मध्ये वडिलांनी घराण्याच्या आठवणी मराठीत टंकलिखित केल्या होत्या : आजोबांची पेढी, बाहत्तरचा दुष्काळ, आत्यांची लग्ने. मूळ हस्तलिखित नव्हते. होत्या त्या बारा फ्लॉपी.

फाइल उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी. कारण सरळ आहे. त्या काळी मराठी अक्षरांसाठी आयएससीआयआय हे भारतीय मानक १९९१ मध्ये ठरले होते आणि त्याच वर्षी युनिकोडमध्येही देवनागरी आली होती. तरी बाजारातील बहुतेक फाँट आपापल्या मनाप्रमाणे रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवीत. ‘ग’ म्हणजे अर्धा ग आणि एक काना, असे दोन तुकडे. फाँट हरवला की किल्ली हरवली.

सुदैवाने वडिलांनी छापून काढलेली चार पाने कपाटात मिळाली. ती समोर ठेवून कोणत्या चिन्हाचे कोणते अक्षर, याचे कोष्टक केले. वेलांटीने फार छळले. ‘दिवस’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना ‘द’च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलीत ती आधी, युनिकोडमध्ये ती ‘द’नंतर येते. रफाराचे नेमके उलटे. ‘वर्ष’ या शब्दात तो ‘ष’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून तेथे तो शेवटी; आता मात्र ‘र’ला ‘ष’च्या आधी बसवावे लागते. हे नियम लिहिणारा लहानसा प्रोग्राम तयार करण्यात अडीच महिने गेले. स्पेक्ट्रमवर लागलेली सवय अशी कामी आली.

वाचकहो, आपल्याही घरी अशा फ्लॉपी असतील, तर पावसाळ्यापूर्वी त्या बाहेर काढा. सरकपट्टी बाजूला करून आतील तबकडी पाहा. पांढरे ठिपके दिसले, तर ती बुरशी आहे. तशी फ्लॉपी यंत्रात घालू नका. बुरशी वाचक-शीर्षाला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडली जाते. जाणकाराकडून आधी स्वच्छ करून घ्यावी.

वडिलांच्या बारांपैकी नऊ फ्लॉपी वाचता आल्या. त्यांतून एकशे चाळीस पाने हाती आली. आत्यांनी ती दोन दिवसांत वाचून संपविली आणि तीन ठिकाणी तारखा दुरुस्त केल्या. उरलेल्या तिन्हींना बुरशी आहे. एकीवर वडिलांच्या अक्षरात ‘आई’ असे लिहिले आहे. सध्या मी बाजारातून आणलेल्या बुरसट, निरुपयोगी फ्लॉपींवर स्वच्छतेचा सराव करतो आहे. सहा झाल्या, चार वाचता आल्या.