नदीची हजेरी महिन्यातून एकदाच का?

आसनगावहून सकाळची लोकल पकडून कल्याण, ठाणे, मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्यासोबत आपल्या तालुक्यातून आणखी एक जण रोज मुंबईला जातो. त्याला विंडो सीट लागत नाही आणि पासही लागत नाही. ते म्हणजे भातसेचं पाणी. धरणातून सोडलेलं हे पाणी नदीच्या पात्रातूनच पिसेच्या बंधाऱ्यापर्यंत जातं. तिथून ते उचलतात, पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग ते मुंबईच्या नळाला येतं. मुंबईला रोज मिळणाऱ्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा भातसेचा आहे.

मुंबईच्या नळापर्यंत पोहोचण्याआधी हे पाणी शुद्धीकरण केंद्रात तपासलं जातं. मात्र याच नदीच्या काठावर कपडे धुणाऱ्या बायका, पाण्यावर येणारी गुरं, जाळं टाकणारी आदिवासी कुटुंबं आणि नदीकाठच्या विहिरींवर चालणाऱ्या गावच्या नळयोजनाही आहेत. त्यांच्या वाट्याचं पाणी आज, आत्ता कसं आहे, हे कुणाला विचारायचं?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली. त्यातले ५३ पट्टे एकट्या महाराष्ट्रातले, म्हणजे देशात सगळ्यात जास्त. त्या यादीत आपली भातसा आहे, तानसा आहे, उल्हास आहे. आणि मुरबाडकडून येणारी काळू? ती तर सगळ्यात वाईट, म्हणजे पहिल्या वर्गात होती. भातसा काळूला मिळते आणि काळू उल्हासला, त्यामुळे एकीचं दुखणं दुसरीला लागतंच.

आता जरा शास्त्र. घाबरू नका, परीक्षा नाहीये. मासा पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर जगतो. तीस अंश तापमानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. पाणी तापलं की तेवढाही मावत नाही. सांडपाणी मिसळलं की ते कुजवणारे जिवाणू त्यातला बराचसा संपवून टाकतात. आपल्याकडच्या निकषांप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात लिटरमागे किमान पाच मिलिग्रॅम आणि मासे जगायला किमान चार मिलिग्रॅम प्राणवायू हवा. पंचगंगेच्या तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. तिथे जे घडतं ते याच आकड्याशी जोडलेलं आहे.

खरी गोम पुढे आहे. हा आकडा दिवसभर सारखा राहत नाही. शेवाळ आणि पाणवनस्पती उन्हात प्राणवायू सोडतात, म्हणून दुपारी नदी ठणठणीत दिसते. रात्री त्याच वनस्पती प्राणवायू घेतात आणि पहाटे तो सगळ्यात कमी होतो. नदीचे नमुने मात्र साधारण महिन्यातून एकदा घेतले जातात आणि तेही दिवसाउजेडी. एखाद्या सरांनी महिन्यातून एकदाच, तेही ठरलेल्या लेक्चरला हजेरी घेतली तर काय होईल? सगळा वर्ग शंभर टक्के हजर! नदीच्या हजेरीचंही तेच झालंय. पहाटे चार वाजता तिचा जीव गुदमरतो, तेव्हा वहीत टिपायला कुणी नसतं.

म्हणून रिअल टाइम सेन्सर हवेत. आजकालच्या सेन्सरच्या टोकाला एक खास रंगद्रव्य असतं. त्यावर निळा प्रकाश पडला की ते लाल चमकतं. पाण्यात प्राणवायू जितका जास्त, तितकी ती चमक लवकर विझते. त्यावरून आकडा निघतो आणि मोबाइल नेटवर्कवरून दर पंधरा मिनिटांनी पाठवता येतो. सोबत तापमान, पीएच, गढूळपणा आणि क्षारांचं प्रमाणही कळतं. ही काही परग्रहावरची गोष्ट नाही. गंगेवर अशी ३६ केंद्रं बसवलेली आहेत आणि २०२० च्या लॉकडाउनमध्ये गंगेच्या पाण्यातला बदल देशाने त्यांच्याच आकड्यांतून पाहिला. गंगेला जे मिळालं ते काळू-भातसेला का मिळू नये?

कुणी म्हणेल, कारखान्यांना सेन्सर लावलेत की! बरोबर आहे. अतिप्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना २०१४ मध्येच तसे आदेश निघाले. पण तो सेन्सर कारखान्याच्या पाइपावर असतो, नदीत नसतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरला टँकरमधून वालधुनीत रसायन ओतलं गेलं आणि शेकडो लोकांना श्वास घेणं मुश्कील झालं. टँकर कुठल्याही पाइपातून येत नाही. गावचा नालाही येत नाही. ते पकडायचं तर पहारा नदीतच हवा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सेन्सरने नदी साफ होते का? नाही होत. थर्मामीटरने तापही उतरत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर खर्च करायचा पैसा सेन्सरवर उडवला, तर त्याला आमचाही विरोधच असेल. पण पुरावा नसला की कुणी कुणाला जबाबदार धरत नाही. कारखाना नगरपंचायतीकडे बोट दाखवतो, नगरपंचायत वरच्या गावाकडे. शहरातून वाहणाऱ्या नदीच्या वर एक आणि खाली एक सेन्सर असेल, तर मधल्या पट्ट्यात काय मिसळलं हे आकडेच सांगतात.

सेन्सरची मर्यादाही माहीत असू द्या. पाण्यातले रोगजंतू, कीटकनाशकं, जड धातू त्याला दिसत नाहीत. प्राणवायू भरपूर आहे म्हणून पाणी पिण्यालायक झालं, असं होत नाही. शिवाय महिनाभर कुणी फिरकलं नाही तर टोकावर शेवाळ चढतं आणि आकडे चुकतात. उद्घाटनाला नारळ फुटणार, फोटो छापून येणार आणि पहिल्या पुरात यंत्र वाहून जाणार, असं होणार असेल तर ते न बसवलेलंच बरं. म्हणून आमची मागणी नुसत्या यंत्राची नाही. भातसेवर शहापूरच्या वर आणि खाली, भारंगीवर आणि काळूवर टिटवाळ्याच्या आधी केंद्रं हवीत. देखभालीचा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये हवा. आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि मोबाइलवर सगळ्यांना दिसायला हवेत. आणि आकडा चारच्या खाली गेला की कुठल्या अधिकाऱ्याचा फोन वाजणार, हे आधीच लिहून ठेवलेलं हवं.

यात आपण कुठे? अगदी मध्यभागी. आसनगाव, शहापूर, मुरबाड परिसरात इंजिनिअरिंग, सायन्स, आर्ट्‌स, कॉमर्स सगळी कॉलेजं आहेत. सेन्सर पुसणं, दुरुस्त करणं, त्याचे आकडे तपासणं हे इंजिनिअरिंगवाल्यांचं प्रोजेक्ट होऊ शकतं. केमिस्ट्रीवाल्यांना विंकलर पद्धत येतेच. १८८८ पासूनची ही पद्धत आजही सेन्सरचं खरंखोटं करायला वापरतात. बाटलीत पाणी बंद करा, रसायनं घाला, थायोसल्फेटने टायट्रेशन करा आणि निळा रंग गेला की रीडिंग घ्या. सेन्सर येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. एनएसएसचे चौघं जण प्राध्यापकांना सोबत घेऊन आठवड्यातून एकदा, पण सूर्य उगवायच्या आत, त्याच जागेवरून नमुना घेऊ शकतात. पुराच्या पाण्याजवळ मात्र जाऊ नका. आर्ट्‌स-कॉमर्सवाल्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहावा, जुने आकडे मागवावेत आणि ग्रामसभेत ते मराठीत वाचून दाखवावेत.

उन्हाळ्यात आपल्या तालुक्यातल्या किती पाड्यांवर टँकरची वाट पाहतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. धरणं आपली, तहानही आपली. पाणी किती मिळावं, यासाठी गेली कित्येक वर्षं मोर्चे निघताहेत. ते कसं मिळावं, हे विचारायची पाळी आता आपल्या पिढीची आहे. सेमिस्टर सुरू होतंय, प्रोजेक्टचे विषय ठरताहेत. या वेळी नेटवरून विषय उचलण्याआधी एकदा नदीवर जाऊन या. तेही पहाटे.