जुन्या गाडीचा खरा भाव तिच्या कागदांत असतो

जुनी स्पोर्ट्‌स कार हौसेने घ्यावी, काही वर्षे मिरवावी आणि नफ्यात विकावी, या कल्पनेला विलायती लिलावांच्या बातम्यांनी बळ दिले आहे. २०१८ मध्ये एक फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२२ मध्ये मर्सिडीजच्या एका जुन्या कूपेला साडेतेरा कोटी युरो मिळाले. पण जीटीओ उण्यापुऱ्या ३६ बनल्या होत्या आणि बातमी नेहमी जिंकलेल्यांचीच होते. १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी वारल्यावर त्यांच्या गाड्यांचे भाव भडकले, लोकांनी कर्ज काढून खरेदी केली आणि १९९० नंतरच्या मंदीत अनेक मॉडेलांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या. यातून निघणारा धडा साधा आहे: भाववाढ मालकाच्या हातात नसते. तोटा टाळणे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हातात असते, आणि ते काम विकताना नव्हे, घेतानाच करावे लागते.

हा हिशेब तपासायला जबलपूरइतके चांगले ठिकाण दुसरे नाही. अस्सल जुन्या स्पोर्ट्‌स कार आपल्या देशात मोजक्याच आल्या. पण हौशी लोक जिच्यासाठी आज पैसे मोजतात, ती जोंगा इथलीच. तिच्या नावातच गाव आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. निसान पेट्रोलच्या साठ मालिकेवर बेतलेली, सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनाची ही गाडी इथल्या व्हेइकल फॅक्टरीने १९६९ पासून तीस वर्षे लष्करासाठी बनवली. महेंद्रसिंह धोनीने २०१९ मध्ये एक घेतली तेव्हा देशभर चर्चा झाली आणि विकणाऱ्यांच्या अपेक्षा वाढल्या. लष्कराच्या लिलावात निघालेली जोंगा घ्यावी, तिची डागडुजी करावी आणि दाम वसूल करावा, असा सल्ला तेव्हापासून सर्रास दिला जातो.

तो सल्ला आकड्यांवर घासून पाहावा. समजा, गाडी सहा लाखांना मिळाली, दुरुस्तीला तीन लाख लागले आणि विमा, टायर, बॅटरी, किरकोळ कामे यांना वर्षाला चाळीस हजार गेले. हेच नऊ लाख सात टक्के व्याजाने पाच वर्षे ठेवले असते तर साडेबारा लाखांच्या वर झाले असते. त्यात पाच वर्षांच्या खर्चाचे दोन लाख मिळवले, की गाडी साडेचौदा लाखांच्या पुढे विकली गेली तरच मुद्दल वाचले म्हणायचे. पेट्रोलचा खर्च यात धरलेलाच नाही, आणि हे इंजिन लिटरला चार-पाच किलोमीटरच्या पुढे क्वचितच जाते. स्वतःच्या वापरातली मोटार आयकर कायद्याच्या दृष्टीने भांडवली मालमत्ता ठरत नाही, त्यामुळे नफा झाल्यास त्यावर कर नाही. पण तोटा झाला तर त्याची वजावटही नाही. म्हणजे चुकीच्या खरेदीचा सगळा भार मालकाच्याच डोक्यावर.

चुकीची खरेदी म्हणजे महागडी खरेदी असे मात्र नाही. स्वस्तात मिळालेली जोंगा बहुतेकदा दोन कारणांनी स्वस्त असते. एक, तिचे पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचे डिझेल इंजिन बसवलेले असते. दोन, लिलावापासून आजच्या मालकापर्यंतची कागदांची साखळी मध्येच तुटलेली असते. मूळ बनावटीशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत स्पष्ट केले आहे. आरसी पुस्तकातला चासी नंबर आणि इंजिन नंबर प्रत्यक्ष गाडीवरच्या नंबरांशी जुळत नसतील, तर कितीही चकचकीत रंग दिला तरी पुढचे गिऱ्हाईक पडता भाव मागणार. म्हणून दोन लाख जास्त देऊन मूळ इंजिनाची, अखंड कागदांची गाडी घेणे हाच काटकसरीचा मार्ग आहे.

इथे सरकारी नियमही पाहावा लागतो. जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांना व्हिंटेज दर्जा आणि वेगळी ‘व्हीए’ नंबरप्लेट मिळू लागली. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि रोजच्या वापरासाठी गाडी रस्त्यावर आणू नये. अट रास्त आहे. पण ही पन्नास वर्षे पहिल्या नोंदणीपासून मोजायची आहेत. लष्करातली गाडी लष्करी क्रमांकावर धावते. आरटीओत तिची नोंद लिलावानंतरच होते. नियमाचा शब्दशः अर्थ घेतला, तर १९७० मध्ये बनलेली आणि १९९५ मध्ये नोंदलेली जोंगा २०४५ नंतरच व्हिंटेज ठरेल. तोवर तिच्या मालकाने पुनर्नोंदणीचे वाढते शुल्क भरत राहायचे.

यावर कुणी म्हणेल की हौसेला मोल नसते, हिशेब कसला करता? पण बेहिशेबी हौसच गाड्या संपवते. खर्च झेपेनासा झाला की मालक गाडी उघड्यावर सोडतो, मग ती सुट्या भागांसाठी फोडली जाते आणि शेवटी भंगारात जाते. हिशेबी मालकाकडे ती टिकते. दुसरा आक्षेप प्रदूषणाचा. तो खरा आहे, आणि म्हणूनच वापरावरची बंधने हौशींनी तक्रार न करता पाळायला हवीत. महिन्यातून एकदा निघणाऱ्या गाडीचा धूर रोज धावणाऱ्या खटारा गाड्यांच्या तुलनेत नगण्य आहे. तिसरा आक्षेप असा, की हा श्रीमंतांचा खेळ आहे, सरकारने त्यात का पडावे? याचे उत्तर या शहराच्या पूर्वेला मिळते. कांचघर, घमापूर, रांझी या भागांत आयुध कारखान्यांत उमेदीची वर्षे खर्च केलेल्यांची घरे आहेत. जोंगाच्या इंजिनाची नस ओळखणारे हात आता निवृत्त झाले आहेत. जुन्या गाडीला भाव असेल तरच त्या कौशल्याला काम आणि मोबदला मिळेल, आणि ते पुढच्या पिढीकडे जाईल.

ब्रिटनमध्ये एमजीसारख्या जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून उत्पादनाच्या मूळ नोंदींवर आधारलेले प्रमाणपत्र मिळते: चासी नंबर, इंजिन नंबर, मूळ रंग, कारखान्यातून बाहेर पडल्याची तारीख. कारखान्याचीच साक्ष मिळाल्याने खोट्याला जागा उरत नाही आणि प्रामाणिक गाडीला प्रामाणिक भाव मिळतो. २०२१ पासून आपली व्हेइकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमच्या अखत्यारीत आहे. जोंगा आणि शक्तिमान ट्रकच्या ज्या उत्पादन-नोंदी हाती असतील, त्यांवरून निगमने शुल्क घेऊन अशी प्रमाणपत्रे द्यावीत, आणि परिवहन मंत्रालयाने व्हिंटेज वयासाठी नोंदणीऐवजी निर्मितीचे वर्ष ग्राह्य धरावे. खरेदीदारानेही आपल्या बाजूने एक नियम पाळावा: नंबर जुळत नसतील आणि लिलावाचा कागद दिसत नसेल, तर सौदा कितीही स्वस्त असला तरी करू नये. असे नकार वाढले, की इंजिने बदलून गाड्या विकणाऱ्यांचा धंदा बसेल आणि मूळ गाडी सांभाळणाऱ्याला त्याच्या कष्टांचे पैसे परत मिळतील.